पुठ्ठ्याचे संगणक



यंत्रांचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो, तो बहुधा यंत्र शोधून काढणाऱ्यांचा इतिहास असतो. वाफेचे इंजिन कोणी सुधारले, छपाईचे यंत्र कोणी बनविले, ही नावे शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्या यंत्रापुढे रोज आठ-दहा तास घालविणाऱ्या माणसाला, यंत्र घडण्यापूर्वी, कोणी काही विचारले होते काय, हा प्रश्न मात्र पुस्तकांत सापडत नाही. कारण उघड आहे. बहुतेक वेळा कोणी विचारलेलेच नव्हते. आज मी आपणांस अशा एका प्रयत्नाची हकीकत सांगणार आहे, की ज्यात विचारले गेले. ती नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या देशांतली असून तिचा मुख्य काळ १९७० ते १९८५ हा आहे.

हल्ली संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे, चूक झाली तर ती माणसाला कशी कळावी, हे ठरविणारा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. त्याला 'यूजर एक्स्पीरियन्स डिझाइन' म्हणतात. म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाची आखणी. या झाडाला मुळे पुष्कळ आहेत. त्यांतले एक मूळ थेट कामगार संघटनेच्या कचेरीत जाऊन पोचते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

हकीकतीचा आरंभ ओस्लो शहरी होतो. तेथील नॉर्वेजियन संगणक केंद्रात क्रिस्टेन न्यूगार्ड (१९२६–२००२) नावाचा एक गणिती काम करीत असे. ओले-योहान डाल या सहकाऱ्याबरोबर त्याने १९६० च्या दशकात 'सिम्युला' ही संगणकभाषा रचली, आणि त्या कार्यासाठी दोघांना पुढे २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. परंतु आपण बनविलेल्या साधनाने कारखान्याच्या कामाची आखणी करण्याचे बळ व्यवस्थापनाच्या हाती येते, आणि ज्याचे काम आखले जाते त्याच्या हाती काहीच येत नाही, हे न्यूगार्डच्या लक्षात आले. तेव्हा तो नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघाबरोबर काम करू लागला.

विद्वान माणूस कामगारांत आला की बहुधा काय होते, हे आम्हां चळवळीतल्या लोकांस चांगले माहीत आहे. तो प्रश्नावली वाटतो, अहवाल लिहितो, आणि अहवाल कपाटात जातो. येथेही आरंभ तसाच होणार होता. पण लौकरच न्यूगार्ड व त्याचे सोबती यांनी कामाची व्याख्याच बदलली. अहवाल म्हणजे फळ नव्हे; स्थानिक संघटनेने स्वतः अभ्यास करून जे पाऊल उचलले असेल, तेच या प्रकल्पाचे फळ, असे त्यांनी ठरविले. कारखान्या-कारखान्यांतून कामगारांची अभ्यासमंडळे बसली, त्यांच्यासाठी संगणकावर सोप्या भाषेतले पाठ्यपुस्तक निघाले. १९७५ साली नॉर्वेतील मध्यवर्ती कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांच्यात संगणकांविषयी देशव्यापी करार झाला. नव्या संगणकपद्धतीची माहिती कामगारांस समजेल अशा भाषेत आधी दिली पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. आणि या प्रश्नापुरता एक खास प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार कामगारांना मिळाला.

कराराने बोलण्याचा हक्क मिळाला, पण बोलायचे काय, हा पुढचा प्रश्न होता. मालकाने आणलेल्या यंत्राला 'होय' किंवा 'नाही' एवढेच म्हणता येते. तिसरे यंत्र मागावयाचे तर ते कसे असावे हे सांगता आले पाहिजे. या प्रश्नाला हात घातला तो छापखान्यातल्या कामगारांनी.

त्या वेळी त्यांच्या धंद्यावर काय गुदरत होते, ते आठवा. १८८६ साली लायनोटाइप यंत्र आले, त्याने हाताने खिळे जुळविण्याचे काम खाल्ले, पण जुळारी त्या यंत्रावर जाऊन बसला. संगणक आल्यावर शिशाचीच गरज संपली. लंडनच्या 'टाइम्स'चे प्रकाशन नव्या यंत्रांच्या तंट्यात १९७८ च्या डिसेंबरपासून जवळजवळ वर्षभर बंद राहिले. पुढे १९८६ साली त्याच शहरात, वॉपिंग येथे, सुमारे सहा हजार छापखाना-कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि वर्षभराच्या लढ्यानंतरही त्या परत मिळाल्या नाहीत.

उत्तरेकडील देशांतल्या मुद्रण कामगारांच्या संयुक्त संघटनेने याच सुमारास वेगळी वाट धरली. १९८१ साली तिने स्टॉकहोमचे कार्यजीवन केंद्र, तेथील शाही तंत्रविद्यालय आणि डेन्मार्कचे ऑर्हूस विद्यापीठ यांच्यातील संशोधकांना हाताशी धरून 'युटोपिया' नावाचा प्रकल्प सुरू केला. पेले एन, मॉर्टेन क्यूंग, सुसाने ब्योडकर, इंग्वे सुंडब्लाड ही त्यातील संशोधकांची नावे. वर्तमानपत्राची पाने लावणे आणि छायाचित्रे सिद्ध करणे, या दोन कामांसाठी कसबी कामगाराच्या हाताला शोभेल असे संगणकी हत्यार बनवावयाचे, हा उद्देश.

प्रथम संशोधकांनी आपल्या रीतीप्रमाणे चौकोन व बाण काढलेले आराखडे पुढे ठेविले. कामगारांना त्यातून काही उमगेना. हे साहजिकच होते. पान लावणाऱ्याचे ज्ञान त्याच्या नजरेत व बोटांत असते. मथळा दोन ओळींत बसेल की तीन, चित्र कोठे कापले तर बातमी उठून दिसेल, हे तो करून दाखवील. आराखड्यात मांडून दाखवा म्हटले तर गप्प बसेल. आपल्याकडचा देवनागरीचा जुळारी आठवा. जोडाक्षरे, रफार, उकार, वेलांट्या यांचे शेकडो खण त्याला न पाहता सापडत. कोणता खिळा कोठे, हे विचारले तर क्षणभर अडखळेल. पण हात अडखळत नसे.

मग त्यांनी एक युक्ती केली. पुठ्ठा, लाकूड आणि कागद घेऊन त्यांनी खोटे संगणक बांधले. रिकाम्या खोक्यावर 'लेझर छपाईयंत्र' असे लिहून ते टेबलावर ठेविले. पडद्याच्या जागी कागदाची चित्रे लावली. कामगार त्यापुढे बसून खरोखरीच पान लावू लागला. त्याने अमुक करावयाचे म्हटले की कागद बदलावयाचा आणि पुढचे चित्र लावावयाचे. येथे हात अवघडतो, हे एवढ्या लहान पडद्यावर दिसणार कसे, असे आक्षेप आता भराभर निघू लागले. पुठ्ठ्याचे यंत्र स्वस्त, ते मोडून पुन्हा बांधावयाला कोणाचीही परवानगी लागत नव्हती. आणि कात्री चालविण्यात संशोधकापेक्षा कामगारच तरबेज होता! संगणकाची दहशत नाहीशी झाली, ती अशी.

आता जमाखर्च प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. चित्रे सिद्ध करण्याच्या नव्या पद्धतीची स्टॉकहोमच्या 'आफ्टोनब्लाडेट' या दैनिकात परीक्षा झाली. परंतु ती यंत्रणा बाजारात पाय रोवू शकली नाही. पत्रकारांची संघटना प्रकल्पात सामील नव्हती. आणि पान पत्रकाराने लावावे की जुळाऱ्याने, हा नाजूक वाद तर त्या दोघांतलाच होता. अखेर जुळाऱ्याचा धंदा त्या देशांतही टिकला नाही. हा खर्च मोठा आहे.

जमेच्या बाजूला जी रीत उरली, ती मात्र जगभर गेली. १९९० साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे सहभागी आखणीची पहिली परिषद भरली. कागदाचे नमुने करून माणसांपुढे ठेवावयाचे, हे आज कंपन्यांतले आखणीकारही करतात. मात्र जाता जाता एक गोष्ट गळाली. युटोपियात कामगार संघटनेच्या वतीने बसत होता, त्याच्या 'नाही'ला वजन होते. आज बहुधा एकट्या ग्राहकाला बोलावून त्याची पसंती विचारली जाते. निर्णय आधीच अन्यत्र झालेला असतो.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. २०२१ साली महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट आहेत आणि 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशी त्यांची तक्रार होती. गावातल्या लेकराचे वजन मराठीत नोंदविणाऱ्या बाईला यंत्र बनण्यापूर्वी दोन तास विचारले असते, चार कागद तिच्यापुढे मांडले असते, तर हे दोष पुठ्ठ्यावरच दिसले असते.

म्हणून माझे आपणांस एवढेच सांगणे आहे की, कचेरीत, दवाखान्यात, शिधावाटप दुकानात नवे यंत्र आले म्हणजे त्याची किंमत जरूर विचारा. पण ते कोणाला विचारून बनविले, हेही विचारा. आणि हा प्रश्न एकट्याने विचारू नका. एकट्याचे उत्तर देणे कोणालाही सहज टाळता येते.