कोल्हापूर महानगरपालिका निवडणूक, २०१५

कोल्हापूर महानगरपालिकेच्या ८१ सदस्यांच्या सभागृहासाठी १ नोव्हेंबर २०१५ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचे मतदानही त्याच दिवशी झाले. मतमोजणी २ नोव्हेंबर रोजी झाली. कोणत्याही एका पक्षास बहुमत मिळाले नाही. निवडणूक स्वतंत्रपणे लढविलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष यांनी निकालानंतर एकत्र येऊन सत्ता स्थापन केली. या सभागृहाची मुदत १५ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.

पार्श्वभूमी

कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १२ ऑक्टोबर १८५४ रोजी संस्थानी काळात झाली. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. मात्र महानगरपालिकेची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९७८ मध्ये झाली. तोपर्यंतचा कारभार प्रशासकाने पाहिला. शहराचे क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ५.४९ लाख आहे.

कोल्हापूरच्या नागरी राजकारणात दीर्घकाळ पक्षांपेक्षा स्थानिक आघाड्यांचे वर्चस्व होते. नगरसेवक एखाद्या नेत्याच्या आघाडीचे म्हणून ओळखले जात. सभागृहातील गटांची सूत्रे हलविणाऱ्या मोजक्या मंडळींना शहरात 'कारभारी' म्हणण्याचा प्रघात आहे. महादेवराव महाडिक यांच्या नेतृत्वाखालील ताराराणी आघाडी ही या परंपरेतील सर्वांत प्रभावी संघटना होय. २०१० च्या निवडणुकीपासून राजकीय पक्षांच्या चिन्हांना अधिक महत्त्व आले, तरी आघाडीचे राजकारण संपले नाही.

२०१५ च्या निवडणुकीपूर्वी काही वर्षे शहरातील सर्वांत मोठा सार्वजनिक प्रश्न टोलचा होता. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर खासगी कंपनीकडून शहरांतर्गत रस्ते करून घेण्यात आले आणि त्यांच्या खर्चाच्या वसुलीसाठी शहराच्या प्रवेशमार्गांवर टोलनाके उभारण्यात आले. त्याविरुद्ध सर्वपक्षीय कृती समितीने दीर्घ आंदोलन केले. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे हे त्याचे प्रमुख नेते होते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व २० फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. या आंदोलनामुळे महानगरपालिकेने केलेल्या करारांविषयी नागरिकांना वेळीच माहिती मिळते का, हा प्रश्न शहराच्या चर्चेत अग्रभागी आला.

निवडणूक पद्धती

ही निवडणूक एकसदस्यीय प्रभाग पद्धतीने झाली. मागील सभागृहात ७७ सदस्य होते. या वेळी प्रभागांची संख्या ८१ करण्यात आली. प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडला गेला. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण लागू झाल्यानंतरची कोल्हापूर महानगरपालिकेची ही पहिली सार्वत्रिक निवडणूक होती. अनुसूचित जाती व नागरिकांचा मागासवर्ग यांच्यासाठीही जागा राखीव होत्या. प्रभागांचे आरक्षण सोडतीने ठरले.

प्रमुख पक्ष व आघाड्या

काँग्रेसची धुरा सतेज पाटील यांच्याकडे, तर राष्ट्रवादी काँग्रेसची हसन मुश्रीफ यांच्याकडे होती. भारतीय जनता पक्षाने ताराराणी आघाडीशी युती केली. तिचे नेतृत्व तत्कालीन मंत्री चंद्रकांत पाटील यांनी केले. राज्याच्या सत्तेत भाजपसोबत असलेल्या शिवसेनेने कोल्हापुरात स्वतंत्रपणे निवडणूक लढविली.

पाटील व महाडिक या घराण्यांतील स्पर्धेची छाया या निवडणुकीवर होती. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात महादेवराव महाडिक यांचे पुत्र अमल महाडिक यांनी भाजपच्या उमेदवारीवर सतेज पाटील यांचा पराभव केला होता. स्वतः महादेवराव महाडिक त्या वेळी विधान परिषदेत काँग्रेसचे सदस्य होते, आणि त्यांची आघाडी मात्र महानगरपालिकेत भाजपसोबत होती. पक्षाची सीमारेषा आणि गटाची सीमारेषा वेगवेगळी असण्याचे हे ठळक उदाहरण होते.

निकाल

पक्षनिहाय बलाबल पुढीलप्रमाणे होते.

• भाजप व ताराराणी आघाडी (एकत्रित) – ३२
• भारतीय राष्ट्रीय काँग्रेस – २७
• राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष – १५
• शिवसेना – ४
• अपक्ष – ३
• एकूण – ८१

बहुमतासाठी ४१ सदस्यांची आवश्यकता होती. भाजप-ताराराणी युती सर्वांत मोठा गट ठरली, तरी शिवसेना व सर्व अपक्ष तिच्याकडे गेले असते तरी तिची संख्या ३९ पर्यंतच पोहोचत होती. काँग्रेसने शिवसेना व अपक्षांची मदत घेतली असती तर ती ३४ वर थांबत होती. त्यामुळे तीन मोठ्या गटांपैकी किमान दोन गट एकत्र आल्याशिवाय सत्ता स्थापन होणे शक्य नव्हते. काँग्रेस व राष्ट्रवादी यांची बेरीज ४२ होत होती, म्हणजे आवश्यक संख्येपेक्षा केवळ एक अधिक.

सत्तास्थापना

निवडून आलेल्या सदस्यांचे पक्षनिहाय गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवले जातात. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ अन्वये गटाचा आदेश डावलणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. ४२ विरुद्ध ३९ अशा निसटत्या समीकरणात या नोंदणीला विशेष महत्त्व होते.

काँग्रेस व राष्ट्रवादी यांच्या समझोत्यानुसार महापौर, उपमहापौर, स्थायी समिती सभापती आणि अन्य समित्यांची पदे दोन्ही पक्षांत वाटून घेण्यात आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये काँग्रेसच्या अश्विनी रामाणे महापौर झाल्या. उपमहापौरपद राष्ट्रवादीकडे गेले.

या निवडणुकीचा परिणाम महानगरपालिकेपुरता मर्यादित राहिला नाही. विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात नगरसेवक हे मतदार असतात. डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या या निवडणुकीत काँग्रेसचे सतेज पाटील यांनी महादेवराव महाडिक यांचा पराभव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने कोल्हापुरातील टोल रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला.

महापौरपदाची वाटणी

कायद्याने महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची आहे आणि आरक्षण राज्य पातळीवरील सोडतीने ठरते. या सभागृहाच्या काळात हे पद सलग महिलांसाठी राखीव राहिले. तथापि, पक्षांतर्गत व पक्षापक्षांतील समझोत्यामुळे प्रत्यक्षात अडीच वर्षांची मुदत एकाही महापौरांना मिळाली नाही. पाच वर्षांत आठ महापौर झाल्या.

१. अश्विनी रामाणे, काँग्रेस (२०१५)
२. हसीना फरास, राष्ट्रवादी (२०१६)
३. स्वाती यवलुजे, काँग्रेस (२०१७)
४. शोभा बोंद्रे, काँग्रेस (२०१८)
५. सरिता मोरे, राष्ट्रवादी (२०१८)
६. माधवी गवंडी, राष्ट्रवादी (२०१९)
७. सूरमंजिरी लाटकर, राष्ट्रवादी (२०१९)
८. निलोफर आजरेकर, काँग्रेस (२०२०)

कंसातील वर्ष निवडीचे आहे. सरासरी काढल्यास प्रत्येक महापौरांच्या वाट्यास साडेसात महिने येतात. या पद्धतीमुळे अधिक सदस्यांना संधी मिळाली, असे तिचे समर्थन केले जाते. दुसरीकडे, एक अंदाजपत्रक मांडल्यापासून त्याची अंमलबजावणी पूर्ण होईपर्यंत पदाधिकारी बदललेले असत, त्यामुळे दिलेल्या आश्वासनाचा जाब कोणास विचारावा हे नागरिकांना कळेनासे होते, असा आक्षेप घेतला जातो. महानगरपालिकेचे कार्यकारी अधिकार कायद्याने आयुक्तांकडे असतात. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितात, तर खर्चाच्या मंजुरीची मुख्य सत्ता १६ सदस्यांच्या स्थायी समितीकडे असते. पदावरील अल्पकाळामुळे महापौरांचा प्रशासनावरील प्रभाव आणखी मर्यादित झाला.

सत्ताधारी आघाडीची एकजूट कायम अभेद्य राहिली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्थायी समिती सभापतिपदाच्या निवडणुकीत राष्ट्रवादीच्या दोन सदस्यांनी विरोधी बाजूस मतदान केले आणि भाजपचे आशिष ढवळे विजयी झाले.

सदस्यत्वाविषयीचा वाद

राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याने जात वैधता प्रमाणपत्र सहा महिन्यांत सादर करणे त्या वेळच्या कायद्याने आवश्यक होते. ही मुदत बंधनकारक असून ती न पाळल्यास सदस्यत्व आपोआप रद्द होते, असा निर्णय ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यामुळे राज्यभरातील अनेक लोकप्रतिनिधींप्रमाणे कोल्हापुरातील नगरसेवकांचेही पद धोक्यात आले. प्रमाणपत्र उशिरा मिळाले, यात पडताळणी समित्यांकडील विलंबाचाही वाटा होता. पुढे राज्य शासनाने कायद्यात दुरुस्ती करून ही मुदत बारा महिन्यांची केली.

प्रमुख नागरी प्रश्न

पाणीपुरवठा: दूधगंगा नदीवरील काळम्मावाडी धरणातून शहरास थेट जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेचे काम मागील सभागृहाच्या काळात सुरू झाले होते. २०१५ च्या प्रचारात ही योजना लवकर पूर्ण करण्याचे आश्वासन प्रमुख होते. प्रत्यक्षात या सभागृहाच्या मुदतीत ती पूर्ण झाली नाही. योजनेचे पाणी शहरात पोहोचले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये, प्रशासकीय राजवटीत.

हद्दवाढ: १९७२ मध्ये महानगरपालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नव्हती. लगतच्या गावांचा समावेश करण्यास शहरातील संघटनांचा पाठिंबा, तर कराचा बोजा व शेतजमिनीवरील आरक्षणे यांच्या भीतीने गावांचा विरोध होता. २०१७ मध्ये राज्य शासनाने हद्दवाढीऐवजी ४२ गावांचा समावेश असलेले कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. प्राधिकरणामुळे गावांच्या ग्रामपंचायती कायम राहिल्या, मात्र बांधकाम परवानग्यांचे अधिकार प्राधिकरणाकडे गेले.

पूर: ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराने शहराचा मोठा भाग वेढला गेला. पूररेषेतील बांधकामे हा त्यानंतर सभागृहातील व शहरातील चर्चेचा विषय ठरला.

नगरसेवक व मतदार

सभागृहात झालेल्या निर्णयांची माहिती मतदारांपर्यंत पोहोचविण्यासाठी महानगरपालिका कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद करण्यात आली. ग्रामसभेच्या धर्तीवरील या सभेचे सदस्य म्हणजे त्या क्षेत्रातील सर्व नोंदणीकृत मतदार, आणि अध्यक्ष संबंधित नगरसेवक. प्रभागातील कामांचा अग्रक्रम सुचविणे व झालेल्या कामांची माहिती घेणे हा तिचा उद्देश आहे. राज्यातील बहुतेक महानगरपालिकांत या सभा नियमितपणे भरल्या नाहीत.

कोल्हापुरात नगरसेवक व मतदार यांचा संबंध मुख्यतः अनौपचारिक मार्गांनी टिकला. पेठांतील तालीम मंडळे व तरुण मंडळे हे त्याचे पारंपरिक केंद्र आहे. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी व ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांत नागरिकांची नित्याची कामे होतात आणि तेथे नगरसेवकाचा पाठपुरावा उपयोगी पडतो. या व्यवस्थेत गटार, नळजोडणी, दिवाबत्ती अशा तक्रारी लवकर मार्गी लागतात. परंतु टोलचा करार किंवा जलवाहिनीसारखे शहरव्यापी विषय मतदारांना समजावून सांगण्याची नियमित व्यवस्था तीतून निर्माण झाली नाही.

मुदत समाप्ती व नंतरचा काळ

कोविड-१९ साथीमुळे पुढील निवडणूक वेळेवर होऊ शकली नाही. १५ नोव्हेंबर २०२० रोजी सभागृहाची मुदत संपली आणि तत्कालीन आयुक्त डॉ. मल्लिनाथ कलशेट्टी यांनी प्रशासक म्हणून कार्यभार घेतला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांच्या मागासवर्गाच्या आरक्षणासाठी त्रिस्तरीय कसोटी आवश्यक ठरविल्याने राज्यातील स्थानिक निवडणुका आणखी लांबल्या. प्रभागरचना व सदस्यसंख्या यांविषयीचे राज्य शासनाचे निर्णयही या काळात बदलत गेले.

प्रशासकीय काळात सर्वसाधारण सभा व स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासकाकडे एकवटले. अंदाजपत्रक मांडणारा आणि त्यास मंजुरी देणारा अधिकारी एकच झाला. माजी नगरसेवक तक्रारींचा पाठपुरावा करीत राहिले, परंतु त्यांना सभागृहात प्रश्न विचारण्याचा अधिकार उरला नव्हता.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रलंबित स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्यानुसार कोल्हापूरसह राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. कोल्हापुरातील सदस्यसंख्या ८१ च राहिली, मात्र एकसदस्यीय प्रभागांच्या जागी बहुसदस्यीय प्रभाग आले. त्यामुळे एका प्रभागासाठी एकच नगरसेवक उत्तरदायी असण्याची पद्धत कोल्हापुरात २०१५ च्या सभागृहाबरोबर संपुष्टात आली.

हेही पहा

• कोल्हापूर महानगरपालिका
• कोल्हापूर जिल्हा परिषद
• महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम
• पंचगंगा नदी