कुरणाचे पुन्हा रान होते तेव्हा

गुरांनी चरून उघडा पडलेला डोंगर पुन्हा झाडांनी भरावा, यासाठी काय करावे? रोपे लावावीत, असे आपण चटकन म्हणू. न्यूझीलंडमधील एका डोंगराचा इतिहास मात्र जरा निराळे सांगतो.

त्या देशाच्या दक्षिण बेटावर, क्राइस्टचर्च शहराला लागून, बँक्स नावाचे द्वीपकल्प आहे. मावरी लोकांच्या काळात तेथील थोडेफार रान जळाले होतेच. पण १८५० नंतर गोऱ्या वसाहतवाल्यांनी लाकूड कापले, उरले ते जाळले आणि राखेत गवत पेरले. १९०० पर्यंत शेकडा एक इतकेही जुने जंगल उरले नाही. मेंढ्या चरू लागल्या. कुंपणासाठी आणलेले गॉर्स नावाचे काटेरी झुडूप मग कुरणांवर माजले. तोडा, जाळा, ते पुन्हा हजर! कारण त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते.

१९८७ साली तेथे १०९ हेक्टरांवर हिनेवाई हे राखीव रान सुरू झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू विल्सन यांनी गॉर्सला हातच लावला नाही. शेजारच्या शेतकऱ्यांना हा वेडेपणा वाटला. पण गॉर्सला ऊन हवे, देशी रोपांना सावली चालते. ओढ्याकाठी उरलेल्या जुन्या झाडांचे बी पाखरांनी आणले, चरणारी जनावरे दूर ठेवली, आणि काही दशकांत देशी झाडे वर गेली. त्यांच्या सावलीत गॉर्स मेले. आज हे रान १२०० हेक्टरांहून मोठे आहे.

पैसा आला तो नंतर. २००८ साली त्या देशाने कार्बनच्या व्यापाराचा कायदा केला. झाडांनी एक टन कार्बन वायू शोषला की एक युनिट. धूर सोडणारे ते विकत घेतात. हिनेवाईलाही असे उत्पन्न मिळाले. परंतु परदेशी पाइन भराभर वाढतो, म्हणून लवकर जास्त युनिटे देतो. साहजिकच पुष्कळ कुरणे पाइनखाली गेली, आणि मेंढपाळांच्या गावांना आपले काय होणार ही चिंता लागली.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, आपल्या गायरानावर असा विचार कुणी मांडला, तर दोन प्रश्न आधी विचारा. बी देणारी जुनी झाडे जवळपास उरली आहेत काय? आणि तेथे आज चरणारी गुरे उद्या कोठे जाणार? दुसऱ्याचे उत्तर गावानेच द्यायचे आहे.