नवा सिलिंग फॅन अचानक बंद पडला? मोटर उघडण्याआधी हे तपासा

पंखा आणला, वायरमनला बोलावून बसवला, चार दिवस छान फिरला आणि पाचव्या रात्री बटण दाबलं तर हलेना. अशा वेळी घरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘मोटर जळाली’ किंवा ‘दुकानदारानं फसवलं’. दोन्ही शक्य आहे. पण नव्या पंख्याच्या बाबतीत बहुतेक वेळा दोष जोडणीतच सापडतो. बटणापासून मोटरपर्यंत जाणारी वायर वाटेत चार-पाच ठिकाणी स्क्रूखाली दाबलेली असते. त्यातला एक स्क्रू ढिला राहिला की पंखा गप्प होतो.

घाईत पंखा उतरवून वाइंडिंगच्या दुकानात नेला आणि तिथे मोटर उघडली गेली, तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. दहा मिनिटांच्या कामासाठी नव्या पंख्याची वॉरंटी घालवून बसलेली कुटुंबं कमी नाहीत.

जमिनीवर उभं राहूनच कळणाऱ्या गोष्टी

आधी त्याच खोलीतला दिवा लागतो का, प्लगला करंट येतो का, ते बघावं. काहीच चालत नसेल तर दोष पंख्यात नाही, बोर्डाच्या मागे आहे. एमसीबी पडली असेल. ती एकदा वर करून पाहावी. पंख्याचं बटण दाबताच पुन्हा पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, मग ती सारखी सारखी वर करत बसू नये. नव्या पंख्यात असा शॉर्ट बहुधा रॉडच्या तोंडाशी होतो. बोल्ट आवळताना वायर मधे सापडते, वरचं आवरण कापलं जातं आणि तांबं रॉडला टेकतं.

दिवा लागतोय आणि फक्त पंखाच बंद असेल, तर रेग्युलेटर पाचवर न्यावा. पाचवर पंखा चालतो आणि खालच्या आकड्यांवर बंद पडतो, असं असेल तर पंखा निर्दोष आहे, रेग्युलेटर गेलाय. पाचवर रेग्युलेटर बहुधा थेट पुरवठा देतो, म्हणून हा फरक दिसतो. पाचवरही हलत नसेल तर रेग्युलेटर बाजूला काढून पंख्याची वायर बटणाला थेट जोडून पाहणं हे इलेक्ट्रिशियनचं पहिलं काम. जुन्या घरात नवा पंखा बसवताना तीस वर्षांपूर्वीचा तोच गरम होणारा डबा-रेग्युलेटर ठेवला जातो आणि मग शिव्या नव्या पंख्याला बसतात!

दुसरी गोष्ट, बटण बंद करून कोरड्या लाकडी काठीनं पातं हलकेच ढकलावं. पंखा सहज दोन-तीन फेऱ्या फिरायला हवा. अडकत, घासत फिरत असेल तर खालचा कप बघावा. रॉडवरचा हा वाटीसारखा कप ज्या स्क्रूवर धरलेला असतो तो नीट आवळला नाही, तर कप घसरून मोटरच्या अंगावर बसतो आणि घासत राहतो. नव्या पंख्यात ही चूक सर्रास होते. कप योग्य जागी असूनही पंखा जड फिरत असेल तर बेअरिंगचा दोष, आणि तो मात्र कंपनीच्या माथी.

पंखा फिरतो पण वारा लागत नाही, अशी तक्रारही ‘पंखा चालत नाही’ म्हणूनच येते. खालून पाहिलं तर आपल्याकडचे पंखे घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात. सुलटा फिरत असेल तर कंडेन्सरची वायर चुकीच्या टोकाला जोडली गेलीय. पंख्यात दुसरं काही बिघडलेलं नाही.

शिडी लावण्याआधी: इन्व्हर्टर विसरू नका

पंख्याचं बटण बंद केलं म्हणजे वरची वायर मेली, असं धरून चालणं जिवावर बेतू शकतं. बटण नेहमी फेजच्या वायरवर हवं. पण जुन्या फिटिंगमध्ये, विशेषतः नंतर वाढवलेल्या खोल्यांत, ते न्यूट्रलवर बसवलेलं आढळतं. मग बटण बंद असतानाही पंख्याच्या टोकापर्यंत फेज आलेली असते.

म्हणून लोक मेन स्विच पाडतात. तेही पुरेसं नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर पंखे बहुधा त्याच लाइनवर असतात. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच त्या लाइनला बॅटरीवरून पुरवठा देतो. मेन बंद, मीटर बंद, तरी शिडीवरच्या माणसाच्या हातात 230 व्होल्ट. त्यामुळे क्रम असा असावा: मेन बंद, मग इन्व्हर्टरही बंद, मग वर चढून प्रत्येक टोकाला टेस्टर. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो स्वतः ठीक आहे याची खात्री करावी. त्यातला छोटा दिवा गेलेला असला की सगळंच ‘मेलेलं’ दिसतं.

खाली एक माणूस शिडी धरायला, आणि दुसरं कुणीही मेनजवळ जाणार नाही अशी व्यवस्था. ज्याला फेज-न्यूट्रलमधला फरक सांगता येत नाही त्यानं इथून पुढचं काम वायरमनवर सोडावं. पण काय तपासायचं ते माहीत असलं की वायरमनला नेमकं सांगता येतं.

वरच्या कपाच्या आत

छताजवळचा कप खाली सरकवला की आत सीलिंग रोज किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकची कनेक्टर पट्टी दिसते. ‘आठवडाभर चालला आणि थांबला’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. काय काय सापडतं? स्क्रू तांब्यावर न बसता वायरच्या प्लॅस्टिक आवरणावर आवळलेला. सात तारांपैकी दोनच आत गेलेल्या, बाकीच्या बाहेर लोंबणाऱ्या. कनेक्टर वापरलाच नाही, नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या वायरी. किंवा वायर इतकी आखूड सोडलेली की कप वर ढकलताना ती ताणून निघून आली.

पंखा सतत थोडा थरथरत असतो. नव्याची पाती जरा असमान बसली असतील तर जास्तच. दिवसभराच्या थरथरीनं अर्धवट आवळलेला स्क्रू हळूहळू सुटतो. म्हणून बसवताना लगेच दोष दिसत नाही आणि वायरमन ‘मी तर चालू करून दाखवला होता’ म्हणतो. त्याचंही खरंच असतं.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत ॲल्युमिनियमची वायर अजून छतात आहे. पंख्याची वायर तांब्याची. दोन्ही एकत्र पिळून टेप लावला तर सांध्यावर थर धरतो, सांधा तापतो, मग कधी चालू कधी बंद असा खेळ सुरू होतो. पंखा अर्धा तास चालून थांबतो आणि गार झाल्यावर परत फिरतो, या तक्रारीमागे असा तापणारा सांधा असू शकतो. कपाजवळ जळका वास किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर तो पंखा त्या क्षणापासून बंदच ठेवावा.

टेस्टर पेटतो, पंखा मात्र हलत नाही

हा प्रकार अनुभवी वायरमनलाही चकवतो. टेस्टर लावला, पेटला. म्हणजे करंट आहे. म्हणजे पंखाच खराब, असा हिशेब होतो. पण टेस्टर फक्त फेज आली की नाही एवढंच सांगतो. करंटला परत जायची वाट, म्हणजे न्यूट्रल, जोडलेली आहे की तुटलेली हे तो सांगत नाही. न्यूट्रल तुटली असेल तर पंखा निश्चल राहतो आणि टेस्टर मात्र पेटतो.

ओळखायची खूण सोपी आहे. पंखा जोडलेला आणि बटण चालू असताना टेस्टर दोन्ही टोकांना पेटत असेल, तर न्यूट्रल तुटली आहे. फेज मोटरच्या वाइंडिंगमधून जाऊन दुसऱ्या टोकापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. उलट एका अर्थी ही चांगली बातमी: करंट पार गेला म्हणजे त्या वाटेवरचं वाइंडिंग सलग आहे.

पक्की खात्री टेस्ट लॅम्पनं होते. होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब, त्याला दोन वायरी, आणि त्या पंख्याच्या दोन टोकांना. बल्ब झगझगीत लागला तर पुरवठा पूर्ण आहे, दोष पंख्यात. लागला नाही तर पंख्याला हात लावायची गरज नाही, न्यूट्रल शोधायची. एलईडी बल्ब या कामाला नको. थोड्याशा गळतीवरही तो मिणमिणतो आणि फसवतो. ही चाचणी चालू लाइनवर होते, म्हणून ती जाणकारानंच करावी.

गुणगुणतो पण फिरत नाही

बटण दाबल्यावर बारीक ‘हूं’ आवाज येतो, पातं थोडं थरथरतं, पण सुटत नाही. हा कंडेन्सरचा दोष. दुकानात त्याला कपॅसिटरही म्हणतात. साध्या पंख्यात दोन वाइंडिंग असतात. दुसऱ्या वाइंडिंगला थोडा वेगळ्या वेळी करंट मिळाला तरच फिरवणारा जोर तयार होतो, आणि ते काम कंडेन्सर करतो. तो गेला किंवा त्याची वायर निसटली की मोटर जागच्या जागी गुरगुरते.

अशा पंख्याला काठीनं धक्का दिला की तो फिरू लागतो, तोही ज्या दिशेला ढकलला त्या दिशेला. असं झालं तर शंका उरत नाही. घरगुती पंख्यात बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. जुन्यावर छापलेला आकडा बघून तोच आणावा. मोठ्या आकड्याचा लावल्यानं वारा वाढतो हा समज वाइंडिंगला महागात पडतो. मात्र नव्या पंख्यात कंडेन्सर विकत आणण्याआधी त्याच्या दोन वायरी जागेवर आहेत का ते बघावं. आणि काढलेल्या कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना एकदम बोट लावू नये, त्यात करंट साठलेला असू शकतो.

काठीनं ढकलूनही जोर धरत नाही, आवाज नाही, आणि टेस्ट लॅम्प पूर्ण लागतो, तेव्हाच मोटरवर संशय घ्यावा.

रिमोटचे पंखे वेगळे

1 जानेवारी 2023 पासून सिलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं झालं आणि त्यानंतर बाजारात बीएलडीसी पंख्यांची गर्दी वाढली. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, हा 30 च्या आसपास. पण याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, त्यामुळे वरची काठीची परीक्षा इथे चालत नाही.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच मधे ठेवणं. या पंख्याला सरळ पूर्ण पुरवठा हवा असतो. रेग्युलेटर मधे राहिला तर पंखा अडखळतो, मधेच बंद पडतो, आणि बोर्डही जाऊ शकतो. बाकी रिमोटचे सेल बदलावेत, भिंतीवरचं बटण कुणी बंद केलंय का बघावं (घरात पोरं असली की हे हमखास), आणि माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे रिमोट पुन्हा जोडून पाहावा. त्यापुढे बोर्ड उघडायच्या भानगडीत पडू नये.

कोल्हापुरात घेतला, बेळगावात लावला

सीमाभागात हे नित्याचंच आहे. निपाणीचा माणूस कोल्हापुरात खरेदी करतो, गोव्यातले लोक बेळगावच्या बाजारात येतात. बंद पडल्यावर दुकानदार म्हणतो ‘सर्व्हिस तुमच्या गावातली’, आणि गावातलं सेंटर म्हणतं ‘जिथे घेतला तिथे जा’. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवताना पंखा जिथे टांगलेला आहे तिथला पिनकोड द्यावा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. बिल जपून ठेवणं हे ओघानं आलंच. कार्डवर दुकानाचा शिक्का आणि तारीख घेतलेली बरी. काही कार्डांवर ‘बसवण्यातल्या चुका वॉरंटीत नाहीत’ असं छापलेलं असतं. तेव्हा कपातले सांधे आधीच तपासलेले असले तर बोलायला जागा राहते.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे कोल्हापूरच्या बिलावर बेळगावात दावा चालतो, त्यासाठी राज्याची हद्द ओलांडून खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे.