पीटर डोंब्रोव्स्किस : नदी वाचविणाऱ्या छायाचित्राचा धनी

मार्च १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात संघीय संसदेची निवडणूक झाली. मतदान तोंडावर आले असताना सिडनी आणि मेलबर्न येथील प्रमुख वृत्तपत्रांत पूर्ण पानाची एक रंगीत जाहिरात झळकली. तीत कोणा नेत्याचा चेहरा नव्हता की आश्वासनांची यादी नव्हती. होते ते पहाटेच्या धुक्यातून वळण घेणारे नदीचे पात्र, त्यात उभे असलेले खडकाचे बेट आणि हे सारे नष्ट करू पाहणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देणार का, असा एकच सवाल. टास्मानियातील फ्रँकलिन नदीवरील 'रॉक आयलंड बेंड' या वळणाचे ते छायाचित्र टिपणारे पीटर डोंब्रोव्स्किस मात्र प्रसिद्धीपासून दूर राहणारे, मितभाषी गृहस्थ होते.

लॅटव्हियन कुटुंबातील डोंब्रोव्स्किस यांचा जन्म १९४५ साली जर्मनीतील निर्वासितांच्या छावणीत झाला. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे वडील बेपत्ता झाले. १९५० मध्ये आई त्यांना घेऊन टास्मानियाची राजधानी होबार्ट येथे स्थायिक झाली. आईनेच बालपणी त्यांच्या हाती पहिला कॅमेरा दिला.

पित्याची उणीव भरून काढली ती ओलेगास ट्रुखानास यांनी. लिथुआनियातून आलेले ट्रुखानास राज्याच्या जलविद्युत आयोगात नोकरीस होते आणि त्याच आयोगाच्या धरणाखाली जाऊ घातलेल्या पेडर सरोवराची छायाचित्रे लोकांना दाखवून ते वाचविण्यासाठी धडपडत होते. १९६७ च्या भीषण वणव्यात त्यांचे घर आणि वर्षानुवर्षे जमविलेला छायाचित्रांचा संग्रह भस्मसात झाला. गमावलेली चित्रे पुन्हा टिपण्यासाठी जानेवारी १९७२ मध्ये ते गॉर्डन नदीवर गेले आणि तेथेच बुडाले. त्यांचा मृतदेह शोधून काढणारे डोंब्रोव्स्किसच होते. त्याच वर्षी पेडर सरोवरही पाण्याखाली गेले.

गुरूचे अपुरे काम शिष्याने पुढे नेले. डोंब्रोव्स्किस यांचा कॅमेरा चार बाय पाच इंचांच्या फिल्मवर चित्र घेणारा होता. काळ्या कापडाखाली डोके घालून काचेवर उलटे दिसणारे दृश्य न्याहाळायचे, योग्य प्रकाशाची वाट पाहायची आणि मगच एक फिल्म खर्ची घालायची, अशी ही संथ पद्धत. कॅमेरा, तिपाई, तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन ते दिवसेंदिवस रानात हिंडत. भव्य शिखरांइतकेच त्यांना शेवाळ, समुद्रवनस्पती आणि ओले दगड मोलाचे वाटत. १९७२ पासून निघू लागलेल्या त्यांच्या दिनदर्शिकांमुळे आणि पुढे स्वतःच्या 'वेस्ट विंड प्रेस'च्या प्रकाशनांमुळे हे दुर्गम रान सामान्यांच्या घरातील भिंतींवर पोहोचले.

फ्रँकलिनवरील संकट असेच होते. ही नदी जिथे गॉर्डनला मिळते, त्याच्या खालच्या बाजूस धरण बांधण्याचा राज्य सरकारचा निर्धार होता. डिसेंबर १९८२ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्याच महिन्यात धरणस्थळी सत्याग्रहही सुरू झाला. बाराशेहून अधिक निदर्शकांना अटक झाली. परंतु ज्यांच्या मतांवर निर्णय अवलंबून होता, त्यातील बहुसंख्यांनी ही नदी कधी पाहिलीच नव्हती. ती त्यांच्यासमोर आणली छायाचित्राने. निवडणुकीत धरणविरोधी भूमिका घेणारा मजूर पक्ष विजयी झाला. नव्या केंद्र सरकारने काम रोखले, तेव्हा हा अधिकार केंद्राचा की राज्याचा, असा वाद उच्च न्यायालयात गेला. १ जुलै १९८३ रोजी चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने कौल केंद्राच्या बाजूने लागला आणि धरण कायमचे बारगळले.

हे यश एकट्या छायाचित्राचे नव्हे. आंदोलक, पक्ष आणि न्यायालय यांचा वाटा त्यात मोठा आहे. मात्र न पाहिलेल्या गोष्टीसाठी लोक लढत नाहीत, हे ट्रुखानास यांनी ओळखले होते आणि डोंब्रोव्स्किस यांनी ते सिद्ध करून दाखविले.

मार्च १९९६ मध्ये टास्मानियाच्या वेस्टर्न आर्थर पर्वतरांगेत छायाचित्रणासाठी गेले असता हृदयविकाराच्या झटक्याने डोंब्रोव्स्किस यांचे निधन झाले. ते अवघे ५१ वर्षांचे होते. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय छायाचित्रण सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. हा मान मिळालेले ते पहिले ऑस्ट्रेलियन होत. त्यांचा हजारो चित्रांचा संग्रह ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन केला आहे. पेडरचे मूळ सरोवर आजही पाण्याखाली आहे. फ्रँकलिन मात्र त्या खडकाच्या बेटाला वळसा घालून मोकळी वाहते आहे.