लगाम घालून मोजलेली ताकद

किन्हीराजा गावात कुणी ट्रॅक्टर घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती एचपीचा?" पंचेचाळीस, पन्नास, आकडा सगळ्यांच्या तोंडी. तो मोजला कसा, हे मात्र कुणी विचारत नाही.

एचपी म्हणजे अश्वशक्ती, आणि हे माप जेम्स वॅटचं. त्याला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाईक होतं घोडेवालं. त्याने हिशेब मांडला, की चक्कीचा घोडा मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतकं काम करतो. म्हणजे अश्वशक्ती जन्मली ती विक्रीच्या बोलीतच.

पण इंजिनाची ताकद नुसतं फिरवून कळत नाही, त्याला अडवावं लागतं. १८२१ मध्ये फ्रान्सच्या गास्पार द प्रोनीने फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळले, त्यांना लांब दांडी जोडली आणि ती दांडी फिरू नये म्हणून टोकाला वजन टांगलं. वजन गुणिले दांडीची लांबी म्हणजे पीळ, अर्थात टॉर्क; त्यात फेरे धरले की ताकद निघाली. अडचण एकच: इंजिनाची सगळी मेहनत घर्षणाने उष्णता होते आणि लाकूड धुमसतं. जहाजांची अवाढव्य इंजिनं मोजायची वेळ आली तेव्हा विल्यम फ्रूडने १८७७ मध्ये लाकूड सोडून पाण्याचा ब्रेक केला. पाणीच अडवतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. ताकद मोजणारा असा ब्रेक म्हणजेच डायनो.

शेतकऱ्याच्या कामी तो आला फसवणुकीमुळे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या विल्मॉट क्रोझियरने 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता; कंपनीने नावापुरता एक फोर्ड आडनावाचा माणूस गाठला होता. ट्रॅक्टर कुचकामी निघाला. क्रोझियर पुढे आमदार झाला आणि १९१९ मध्ये कायदा आला: विद्यापीठात चाचणी झाल्याशिवाय त्या राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातल्या बुधनीची संस्था करते, स्थापना १९५५. मोटारींसाठी १९६६ पासून पुण्याची एआरएआय आहे.

रेसच्या मोटारीचं ट्यूनिंग करणारे अशाच डायनोवर इंजिन ठरावीक फेऱ्यांवर धरून ठेवतात आणि ठिणगी एकेक अंशाने अलीकडे सरकवतात. टॉर्क वाढतो, वाढतो आणि थांबतो. तिथेच थांबायचं, पुढे हाव धरली तर इंजिन ठोकायला लागतं, पिस्टन जातो. पेट्रोल पुरतं जळायला हवा वजनाने १४.७ पट लागते, पण पुरी ताकद हवी तर साडेबारा-तेराच ठेवतात.

गावोगावी मात्र ट्रॅक्टरच्या पंपाचं डिझेल वाढवून घेतात आणि काळा धूर दिसला की खूश होतात. खरं तर तो धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. ती नांगराच्या कामी येत नाही. ट्रॅक्टर घेतानाही इंजिनाचा एचपी बाजूला ठेवून पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरचा, विचारावा. तो नेहमी कमी भरतो, आणि रोटाव्हेटर चालतो तो त्याच्यावरच.