घनसावंगीची मोसंबी : एका कौटुंबिक बागायतीचा मागोवा

मोसंबीची बाग आज आहे किंवा पूर्वी होती, अशी अनेक कुटुंबे आपल्या ज्ञातीत आहेत. गेल्या मेळाव्याच्या प्रसंगी काही तरुण ज्ञातिबंधूंनी आम्हांस विचारले की, उंची कॉफीस हल्ली मोठा भाव मिळतो, तर घनसावंगीच्या शिवारात आपणही कॉफीचा मळा का लावू नये? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आपल्या बागायतीचा इतिहास पुन्हा चाळावा लागला. तोच येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

सतराव्या शतकात बाबा बुदान नामक साधुपुरुषाने येमेनमधील मोखा बंदराहून कॉफीचे सात दाणे आणून ते आजच्या चिकमगळूरजवळील डोंगरावर लावले, अशी परंपरागत कथा आहे. अरेबिका जातीच्या कॉफीस थंड हवेचा डोंगर, मोठ्या वृक्षांची सावली व भरपूर पाऊस लागतो. आपल्या राज्यात ती सुमारे अकराशे मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास ब्रिटिश काळापासून रुजली, ती याच कारणाने. आपला मुलूख मात्र गोदाकाठचा सपाट आहे. जालना जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेव्हा कॉफीचे रोप येथे आणण्यात अर्थ नाही. कॉफीवाल्यांची रीत मात्र अवश्य आणावी. तेथील बहुसंख्य मळे लहान व घरच्या माणसांनी राखलेले आहेत. उंची कॉफीसाठी केवळ पिकलेली लाल फळे हाताने, अनेक फेऱ्यांत वेचतात, सदोष दाणा बाजूला काढतात आणि प्रत्येक मळ्याचा माल निराळा ठेवतात. भाव मिळतो तो या निगराणीस.

आता आपल्या मोसंबीकडे वळू. मोझांबिक देशाच्या नावावरून या फळास मोसंबी हे नाव पडले, असे मानतात. महाराष्ट्रात तिचा पहिला मोठा बोलबाला झाला तो प्रवरेच्या कालव्यांवरील श्रीरामपूर भागात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि त्या पाण्यावर बागा फुलल्या. पुढे अतिपाण्याने जमिनी चिबडल्या, रोग शिरले आणि त्या बागा ओसरल्या. पाण्यावाचून बाग मरते, तशीच पाण्याच्या अतिरेकानेही मरते, हा त्या इतिहासाचा धडा होय.

समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, तो पूर्वी अंबड तालुक्याचा भाग होता. हा सारा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, पुढे औरंगाबाद जिल्ह्यात आणि १ मे १९८१ पासून जालना जिल्ह्यात आला. बागायत म्हणजे विहीर आणि विहीर म्हणजे मोट, असा तो काळ होता. मोटेच्या जागी इंजिन आले, मग विजेचा पंप आला. १९६५ साली पायाभरणी झालेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले व त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी जालना जिल्ह्यातून परभणीकडे वाहू लागले. बदनापूर येथे मोसंबीचे संशोधन केंद्र झाले. रंगपूर लिंबू वा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमे घरोघर लागली.

मोसंबीचे झाड लावल्यावर पाच-सहा वर्षांनी धरू लागते व नीट राखले तर वीस वर्षे आणि त्याहून अधिक काळ फळते. आंबेबहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडास ताण द्यावा लागतो. ताण कमी पडला तर फूल निघत नाही, अधिक झाला तर झाड वाळते. माघाच्या सुमारास फुललेले फळ दिवाळीच्या आगेमागे उतरते. एवढा धीर एकट्यादुकट्याचा नव्हे. बाप लावतो आणि मुलगा खातो, असे हे पीक आहे. म्हणूनच बागेचा इतिहास हा कुटुंबाच्या एकोप्याचाही इतिहास ठरतो.

याची कसोटी २०१२-१३ च्या दुष्काळात लागली. जालना जिल्ह्यातील हजारो शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घालून झाडे जगविण्याची शिकस्त केली. तरीही असंख्य बागा वाळल्या आणि त्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली. आमच्या घरी तीन भावांच्या वाटण्या झालेल्या होत्या. विहीर तेवढी सामाईक होती. फाल्गुनातच पाणी तळाला गेले. तिघांनी पाळीपाळीने पाणी घेतले असते तर तिन्ही बागा गेल्या असत्या. तेव्हा थोरल्या काकांनी स्वहस्ते लावलेली जुनी बाग सोडण्याचे ठरविले, मधल्यांनीही आपली सोडली, आणि सारे पाणी धाकट्यांच्या तरुण बागेस दिले. पुढील चार वर्षे तिचे उत्पन्न तीन घरांत सारखे वाटले गेले. त्या रात्री काका जेवले नाहीत, हे आम्हांस स्मरते. शेजारच्या एका शिवारात मात्र विहिरीवरून भाऊ भांडले आणि तेथे आज एकही झाड उभे नाही.

२०१६ साली जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले. २०१९ मध्ये तसेच मानांकन बाबा बुदानगिरीच्या कॉफीसही लाभले. दोघांस मान सारखा. परंतु आपल्यापैकी कित्येक जण आजही फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्यास उक्ती विकून मोकळे होतात. मग चांगले-वाईट फळ एकाच ढिगात जाते आणि राखणाऱ्याचे नाव कोणासच कळत नाही. मोसंबी तोडल्यावर गोड होत नाही. ती झाडावरच पूर्ण पिकू द्यावी, प्रतवारी घरी करावी आणि चार घरांनी मिळून आपल्या नावाने ती बाजारात न्यावी. कॉफीवाल्यांपासून शिकण्यासारखे आहे ते हेच.

तरुण बंधूंच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, नव्या पिकाच्या शोधात जाण्यापूर्वी दारच्या पिकास त्याचे मोल मिळवून द्यावे. वाटण्या होणे अटळ आहे; शेताचे बांध पडतील, पण विहिरीचे पाणी तुटू देऊ नये. एवढे ज्या घरांनी सांभाळले त्यांच्या बागा दुष्काळातूनही उरल्या, आणि पुढेही त्यांच्याच उरतील, असा आमचा विश्वास आहे.