एक सीट, दोन तिकिटं आणि हिरवी खिडकी

 

जपानला जायचं ठरलं की ग्रुपवर पहिला प्रश्न व्हिसाचा येतो, दुसरा शाकाहारी जेवणाचा आणि तिसरा हमखास असा: "अगं, टोकियो ते क्योतो बुलेट ट्रेनचं तिकीट नक्की कुठून काढायचं?" प्रश्न साधा आहे, उत्तर नाही. गाडी एकच, सीट तीच, पण ती विकणारी एक साइट आहे स्मार्ट ईएक्स, दुसरी एकीनेट, तिसरी ई-५४८९. (हो, खरंच असं नाव आहे. जपानीत आकडे अक्षरांसारखे वाचून कोटी करतात.) त्यात तिकीट हातात आलं की कधी एक कागद असतो, कधी दोन. आपल्याला वाटतं, एवढा शिस्तीचा देश आणि तिकिटाचा असा गोंधळ? मला तरी हा गोंधळ वाटत नाही. हे थर आहेत. एखाद्या जुन्या कोडबेसमध्ये कुणी काय का लिहिलं ते समजून घ्यायला मागच्या कमिट बघाव्या लागतात, तसंच आज आपण करणार आहोत.

चला १९५० च्या दशकात. तेव्हा जपानची सरकारी रेल्वे एकच होती, जपानी नॅशनल रेल्वेज. युद्धातून देश सावरत होता, एक्स्प्रेस गाड्यांना गर्दी वाढत होती आणि आरक्षण चालायचं वह्यांवर. म्हणजे कसं, ते नीट डोळ्यांसमोर आणा. तुम्ही स्टेशनच्या खिडकीवर गेलात. खिडकीवरचा माणूस आरक्षण केंद्राला फोन करणार. केंद्रात मधोमध एक मोठं गोल टेबल, आणि ते सतत फिरत असायचं. त्यावर वह्या, प्रत्येक गाडीची प्रत्येक तारखेची वेगळी. टेबलाभोवती कर्मचारी बसलेले. फोन आला की हवी ती वही समोरून सरकत जाताना उचलायची, रिकामी सीट शोधायची, खूण करायची, सीट नंबर फोनवर सांगायचा आणि वही परत टेबलावर टाकायची. खिडकीवरचा माणूस तो नंबर हाताने तिकिटावर लिहिणार. एवढं होईपर्यंत तुम्ही उभे, तुमच्यामागे रांग उभी.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, ही वही म्हणजे लॉक आहे. एका वेळी ती एकाच्याच हातात असणार, म्हणून एक सीट दोघांना विकली जाण्याची शक्यता कमी. मला तर ते फिरतं टेबल फार हुशार डिझाइन वाटतं. अडचण वेगाची होती. मागणी वाढली की टेबल जास्त जोरात फिरवून भागत नाही. शिवाय नंबर फोनवर ऐकायचा, मग हाताने लिहायचा. एक आकडा चुकला की गाडीत दोन माणसं एकाच सीटसमोर उभी.

रेल्वेच्या संशोधन संस्थेत मामोरू होसाका नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पुढाकाराने या वह्या कॉम्प्युटरवर नेण्याचं काम सुरू झालं आणि यंत्र हिताची कंपनीने बांधलं. नाव ठेवलं मार्स-१. १९६० च्या सुरुवातीला ते प्रत्यक्ष कामाला लागलं, आधी मोजक्याच एक्स्प्रेस गाड्यांसाठी. रेल्वेच्या सीट आरक्षणाचा जगातला हा पहिला कॉम्प्युटर मानला जातो. अमेरिकेत विमानांच्या आरक्षणाची 'सेबर' ही गाजलेली सिस्टिम त्याच काळात उभी राहत होती, पण ती पूर्ण व्हायला १९६४ उजाडलं.

आता आकडा ऐका. सीटचा हिशोब ठेवायला मार्स-१ कडे चुंबकीय ड्रम होता. म्हणजे फिरणारा नळकांड्यासारखा भाग, ज्यावर माहिती साठवायची. त्याची क्षमता ४ लाख बिट. म्हणजे ५० केबी! तुमच्या फोनमधलं एखादं व्हॉट्सॲप स्टिकर यापेक्षा जड असतं. आणि गंमत बघा, वह्या फिरत्या टेबलावर होत्या, सीट आता फिरत्या ड्रमवर आल्या.

१ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो ते शिन-ओसाका ही पहिली शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली. सगळ्या जगाने फोटो छापले. पण त्या भविष्यातल्या गाडीची आरक्षणं पहिलं वर्षभर वह्यांवरच होत होती! मोठी मार्स यंत्रणा १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये तयार झाली, तेव्हा शिनकानसेन तिच्यावर आली. त्याच सुमारास देशभरातल्या सुमारे दीडशे स्टेशनांवर खास आरक्षणाच्या खिडक्या उघडल्या. यंत्रातून निघणारं तिकीट फिकट हिरवं होतं, म्हणून खिडकीचं नाव 'मिदोरी नो मादोगुची', हिरवी खिडकी. आजही जपानच्या मोठ्या स्टेशनांवर ती हिरवी पाटी दिसते. सीटवर रेललेल्या माणसाचं चित्र असतं.

आता ते दोन कागद. जपानमध्ये मूळ तिकीट अंतराचं, 'अ' पासून 'ब' पर्यंत जाण्याचा हक्क. वेगवान गाडीत बसायचं तर त्यावर वेगळं एक्स्प्रेस तिकीट. आपल्याकडेही मूळ भाडं, सुपरफास्टचा अधिभार, आरक्षणाचा आकार असे तुकडे असतातच, फक्त ते एकाच तिकिटात बेरीज होऊन येतात. जपानने तुकडे वेगळे ठेवले. त्यामुळे दोन कागद आले की घाबरायचं नाही, दोन्ही एकावर एक ठेवून गेटमध्ये एकदम सरकवायचे. गेट ते वाचून पलीकडे परत देतं. ऑफिसच्या कामानिमित्त मी शिन-ओसाकाला होते तेव्हा हे पहिल्यांदा बघितलं. माझ्यापुढे एक आजोबा होते, त्यांनी न बघता दोन्ही कागद सरकवले आणि चालता चालता पलीकडून उचलले. मी मात्र तिथे उभी राहून विचार करत होते की आतला सेन्सर दोन्ही कसे वाचत असेल.

बरं, मग साइट इतक्या का? याचं उत्तर १ एप्रिल १९८७. कर्जात बुडालेली सरकारी रेल्वे त्या दिवशी मोडली आणि प्रवासी वाहतुकीच्या सहा प्रादेशिक कंपन्या झाल्या, शिवाय मालवाहतुकीची एक. पूर्व, मध्य, पश्चिम अशी वाटणी. भावाभावांत वाटणी झाली की विहीर सामाईक ठेवतात ना, तसं त्यांनी मार्स सामाईक ठेवलं. ते चालवायला वेगळी कंपनी केली. म्हणून आजही होक्काइदोच्या खिडकीवर क्युशूच्या गाडीची सीट मिळते. पुढे इंटरनेट आलं आणि प्रत्येक कंपनीने आपापलं दुकान थाटलं. पूर्वेचं एकीनेट, पश्चिमेचं ई-५४८९, टोकियो-ओसाका मार्गासाठी स्मार्ट ईएक्स. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड एक, फ्रंटएंड अनेक. परदेशी माणसाला दिसतात ती दुकानं. विहीर कुणाला दिसत नाही.

वाटणीची भिंत अजून एका ठिकाणी लागते. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्वेच्या कंपनीने सुइका कार्ड आणलं. टॅप करा आणि चाला. २०१३ मध्ये देशातली दहा मुख्य कार्डं एकमेकांच्या भागात चालायला लागली. पण एका भागात टॅप करून आत शिरायचं आणि साध्या लोकलने सीमा ओलांडून दुसऱ्या कंपनीच्या भागात टॅप करून बाहेर पडायचं, हे वर्षानुवर्षं जमत नव्हतं. टोकियोच्या नैऋत्येला आतामी नावाचं स्टेशन आहे, तिथे पूर्व आणि मध्य कंपन्यांची हद्द. रुळ सलग, पण कार्डाचा हिशोब तिथे तुटतो.

परदेशी पाहुण्यांना या सगळ्यातून वाचवायला १९८१ मध्येच एक पळवाट काढली होती, जपान रेल पास. एकदा पैसे भरा, आठवडाभर फिरा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन एवढाच बेत असेल तर आता पास परवडत नाही. म्हणजे पूर्वी जो पर्यटक पास दाखवून निघून जायचा, तो आता सुट्या तिकिटांच्या रांगेत आला. २०२४ मध्ये जपानला साधारण ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे आले.

आणि नेमक्या याच काळात हिरव्या खिडक्या कमी होत होत्या. पूर्वेच्या कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की ४४० स्टेशनांवरच्या खिडक्या २०२५ पर्यंत १४० वर आणायच्या. बाकी काम मशीन आणि मोबाइल करेल. कागदावर हिशोब बरोबर होता. पण पास काढणारे विद्यार्थी, म्हातारी माणसं आणि आपल्यासारखे पाहुणे उरलेल्या खिडक्यांवर लोटले. मशीनला "माझी गाडी चुकली, आता काय?" असं विचारता येत नाही. एका साइटने माझं भारतीय कार्ड तीनदा नाकारलं, तेव्हा मीही खिडकीचीच रांग धरली. अर्ध्या तासाने नंबर लागला. काचेपलीकडच्या ताईंनी कॅल्क्युलेटरवर भाडं टाइप करून दाखवलं, मी मान डोलावली, काम झालं. आमच्यात एकही सामाईक भाषा नव्हती.

रांगांवरून इतकी ओरड झाली की २०२४ च्या मे महिन्यात कंपनीने खिडक्या बंद करणं थांबवलं. ४४० पैकी निम्म्याहून जास्त तोवर गेल्या होत्या.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. आरक्षण सहसा प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी १० वाजता उघडतं, जपानच्या घड्याळात, म्हणजे आपले साडेसहा. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीसाठी बोट ॲपवर ठेवून बसणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको. फरक एवढाच की तिथे आपल्यासारखी वेटिंग लिस्ट नाही. सीट संपली तर बऱ्याच गाड्यांना विनाआरक्षण डबे असतात, तिथे रांग लावायची. आणि साइटने अगदीच छळलं, तर स्टेशनवर हिरवी पाटी शोधा. कागदावर तारीख, गाडी आणि स्टेशनचं नाव लिहून न्या.

पुढच्या भागात पुठ्ठ्याचं तिकीट. ते कुणी शोधलं आणि आपल्या आजोबांच्या खिशापर्यंत कसं आलं. भेटू!